तोंडानं सांगा

बुधवारी सकाळी, रोजच्यासारखा नळ सोडून ती बसली, आणि शेवटच्या चार थेंबांना कुणीतरी आतून काडी लावली. ओरडण्यासारखं नव्हतं. ओरडायची तिला सवयही नव्हती. सव्वीस वर्षं ती दुसऱ्यांचं ओरडणं टिपून घेत आली होती, आणि टिपताना ओरडणाराच्या आणि कुजबुजणाराच्या शब्दांना ठोके सारखेच पडतात. तिनं समोरच्या फरशीवर तळहात टेकवला. फरशी गार होती, कोपऱ्यातला टवका कधी उडाला होता ते आठवायचा तिनं प्रयत्न केला, म्हणजे दुसरं काही आठवायला नको. आग ओसरली, पण ओटीपोटात, मध्यभागी, एक जड मूठ वळल्यासारखी राहिली. बादली भरून वाहायला लागली. "अगं, पाणी वाहून चाललंय की तू?" बाहेरून सासूबाईंनी विचारलं. त्र्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंना आता दोनच गोष्टी ऐकू येत, नळ आणि स्वतःबद्दलची कुजबुज. "आले," ती म्हणाली. उठली, कपडे नीट केले, दाराच्या कडीला हात लावला, आणि लगेच पुन्हा बसावंसं वाटलं. बसली. काही आलं नाही. नुसतीच आग आली, पाणी न घेता, रिकाम्या हातानं आलेल्या पाहुण्यासारखी.

ती न्यायालयात लघुलेखिका होती. या शब्दावर करण्यासारख्या सगळ्या कोट्या वकीलमंडळींनी तिच्या पहिल्याच वर्षात करून टाकल्या होत्या, त्यामुळे पुढची पंचवीस वर्षं शांततेत गेली. न्यायाधीशांच्या खुर्चीच्या खाली, साक्षीदाराच्या पिंजऱ्यापासून दोन हातांवर, छोट्या यंत्रापुढे ती बसे. खोलीत बोललेला प्रत्येक शब्द तिच्या बोटांतून कागदावर जाई आणि कागदावर नसलेलं काही घडलेलंच नसे. साक्षीदार रडला तर ते घडलं नाही. वकिलानं डोळे वटारले, ते घडलं नाही. साक्षीदारानं नुसती मान हलवली की मात्र तिला त्या खोलीत बोलायचा जो एकमेव अधिकार होता तो ती वापरी. "मान हलवलेली टिपता येत नाही," ती यंत्रावरून मान वर न करता म्हणे, "तोंडानं सांगा." एवढंच. खुनी, सावकार, घटस्फोट मागणाऱ्या बायका, एकदा तर एक निवृत्त मंत्री, सगळ्यांना तिनं हे एकाच पट्टीत सांगितलं होतं आणि सगळ्यांनी ऐकलं होतं. घरी इतकं कुणी ऐकत नसे.

न्यायाधीश उठल्याशिवाय तिला उठता येत नसे. उठणं हा त्यांचा अधिकार होता आणि त्यांची सोयही खुर्चीच्याच मागे होती, पडद्याआड, दोन पावलांवर. तिची सोय लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला, दोन जिने खाली, आणि तिथल्या दाराची किल्ली दप्तरखान्यातल्या बाईंकडे. साहेब दहा मिनिटांसाठी उठत, तेव्हा दोन्हीकडचे वकील तिच्या टेबलाशी येत आणि नावं, तारखा, आडनावातले काने-मात्रे तपासून घेत. ती दहा मिनिटं तशीच जात. ज्या बाईंनी तिला हे काम शिकवलं, त्यांना सगळे मावशी म्हणत. मावशींनी पहिल्याच दिवशी तिच्या टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून खिडकीत ठेवला होता. "इथे कोरडं बसायचं," त्या म्हणाल्या होत्या. "सकाळी घोटभर चहा, मग संध्याकाळी घरी जाऊन हवी तर विहीर प्यावी. पाणी पिणारी लेखिका आणि बोलणारा न्यायाधीश, दोघांच्याही खुर्च्या टिकत नाहीत." मावशींची खुर्ची अडतीस वर्षं टिकली. नंतर त्यांचं काय काय दुखत होतं ते कुणी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. निरोपसमारंभात मात्र त्यांच्या कोरडेपणाचं कौतुक झालं होतं. ती टाळ्या वाजवणाऱ्यांत होती.

त्या बुधवारी ती कोरडी बसली. नेहमीपेक्षा जास्तच, चहाही टाकला. हिशेब सरळ होता: जाताना दुखतं, तर जायचंच नाही, जायचं नसेल तर प्यायचं नाही. इतका स्वच्छ युक्तिवाद तिनं भल्याभल्या वकिलांकडून ऐकला नव्हता. दुपारी व्हरांडा आणि दोन जिने उतरून ती गेली तेव्हा जे आलं ते चमचाभर, गढूळ, आणि वास असा की तिनं स्वतःच्याच मागे दुसरं कुणी आहे का ते वळून पाहिलं. संध्याकाळपर्यंत दर वीस मिनिटांनी हाक येत होती आणि जाऊन पाहिलं असतं तर दारात कुणी नसतं. खुर्चीत ती एका बाजूला कलून बसली, मग दुसऱ्या बाजूला. साहेबांनी त्या दिवशी कामकाज नऊ वेळा थांबवलं. हे तिलाच ठाऊक होतं, कारण प्रत्येक वेळी 'कामकाज दहा मिनिटं थांबलं' हे वाक्य तिनंच टिपलं होतं. दोन वर्षांपूर्वी हे वाक्य दिवसातून तीनदा येई, मग पाचदा यायला लागलं. खुर्चीवरचा चेहरा तोच होता, दगडी, कंटाळलेला, पण कागदावर एक वेगळाच माणूस दिवसेंदिवस अधिकाधिक वेळा उठून जात होता. तिनं याचा कधी विचार केला नव्हता. टिपणाऱ्यानं विचार करायचा नसतो, मागे पडतो.

घरी ती नवऱ्याला म्हणाली, "पोटात बरं नाही." त्या घरात पोट या शब्दाखाली छातीपासून गुडघ्यापर्यंतचा सगळा प्रदेश येत असे. नवरा शाळेत भूगोल शिकवी, पण हा नकाशा नावं घालून भरायला त्यानं अठ्ठावीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं आणि तिनं भरला नव्हता. "पित्त असेल," तो वह्या तपासता तपासता म्हणाला, आणि पित्ताची गोळी त्यानं स्वतः उठून, पाण्यासकट आणून दिली. माणूस वाईट नव्हता. गोळी तिनं घेतली, पाणी अर्धं ठेवलं. मुलगा बाळंतपणात अडला होता, तेव्हा तिला टाके पडले होते, आणि त्यानंतर पंधरा दिवस ती प्रत्येक वेळी उशीचा अभ्रा तोंडात धरून जाई. तेव्हाही बाहेर विचारणाऱ्यांना 'अशक्तपणा' असंच सांगितलं होतं. अंगाचा तो भाग तिच्याकडे होता, पण तिच्या शब्दांत नव्हता. रोज हजारो शब्द तिच्या बोटांखालून जात, 'मिळकत', 'वहिवाट', 'इजा', 'शरीरसंबंध' सुद्धा, ज्या शब्दाला तिचं यंत्र फक्त दोन ठोके घेई. दुसऱ्याच्या तोंडचे असले की सगळे शब्द हलके असतात.

सासूबाईंनी गुरुवारी सकाळी नळ मोजले. "आठ वेळा सोडलास," त्या म्हणाल्या. "उन्हाळी लागलीय तुला."

"आई, थंडीचे दिवस आहेत."

"उन्हाळीला कॅलेंडर कळतं होय? जवाचं पाणी पी. आणि माझ्या डब्यात त्या लाल-पिवळ्या गोळ्या आहेत बघ, मागच्या वर्षी मला झालं होतं तेव्हाच्या. मला दोन दिवसांत बरं वाटलं, मग मी उरलेल्या ठेवून दिल्या. चांगल्या गोळ्या कशाला संपवायच्या?"

तीन होत्या. पत्र्याच्या डब्यात, सुटी बटणं, एक तुटका दात आणि कसल्याशा किल्लीबरोबर. तिनं गुरुवारी दोन आणि शुक्रवारी एक घेतली, जवाचं पाणीही प्यायली, सुटीच्या दोन दिवसांत तर तांब्यावर तांब्या, आणि रविवारी संध्याकाळी नळ न सोडता बसून पाहिलं: काही नाही. नुसता आवाज, साधा, बाळबोध. तिला इतकं हलकं वाटलं की तिनं स्वयंपाकघरातली वरची फडताळं पुसून काढली. सोमवारी ती कोरडी बसली. मंगळवारी मूठ परत वळली, या वेळी अधिक घट्ट, आणि भांड्यातलं पाणी फिकट गुलाबी दिसलं. तिनं दिवा बंद केला. दिवा बंद केल्यावर गुलाबी दिसत नाही. मग पुन्हा लावून, पुन्हा पाहून, पाणी सोडून दिलं. घराबाहेर कोपऱ्यावर दवाखाना होता, रोज येता-जाता पाटी वाचलेली होती, डॉक्टरीणबाईंच्या वेळा तोंडपाठ होत्या, आणि त्या वेळा नेमक्या न्यायालयाच्याच वेळा होत्या, म्हणजे प्रश्नच मिटला. शिवाय आत जाऊन सांगायचं काय. कुणीतरी विचारणार, काय होतंय. तिथे ती खाली बसलेली नसणार, पिंजऱ्यात असणार.

बुधवारी साक्ष होती एका शिंप्याची. दावा एकोणीस महिने चालला होता: खालच्या मजल्यावर शिंप्याचं दुकान, वरच्या मजल्यावर दुसऱ्या कुणाचं न्हाणीघर, आणि मधल्या भिंतीत ओल. ओलीनं कापडाचे तागे गेले होते, मग भिंतीचा गिलावा, मग शेजारधर्म. सकाळपासून तिची पाठ दुखत होती, उजवीकडे, बरगडीच्या खाली, जिथे आजवर काही आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. थंडीतही गच्च भरलेल्या खोलीत उकडत होतं, सगळे घाम पुसत होते, तिनं मात्र शाल घट्ट ओढली होती. वरच्या मजल्याचे वकील उंच, सुस्वभावी, आणि उलटतपासणीत गोड बोलून गळा कापणारे.

"भिंत ओली आहे हे तुमच्या पहिल्यांदा केव्हा लक्षात आलं?"

"दिसली उशिरा," शिंपी म्हणाला. "आधी नुसती गार लागायची, हात ठेवला की."

"मग वास?"

शिंप्यानं मान हलवली.

"तोंडानं सांगा," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच लांबून आला.

"हो. वास यायचा."

"म्हणजे आधी गारवा, मग वास, मग डाग. आणि एवढ्या काळात तुम्ही एकदाही कुणा जाणत्या माणसाला बोलावलं नाहीत?"

"एकदा मीच चुना लावला वरून. आठवडाभर बरी दिसली."

"आठवडाभर बरी दिसली." वकिलांनी हे वाक्य पुन्हा म्हटलं, म्हणजे तिला ते दोनदा टिपावं लागलं. उपमा तिला आवडत नसत, त्यांना ठोके जास्त लागतात, आणि ही तर उपमाही नव्हती, साधी भिंतीची साक्ष होती. पण तिची बोटं शिंप्याची उत्तरं टिपत होती आणि उत्तरं कुठून येत होती तेच कळेनासं झालं. "का नाही बोलावलंत? गरिबी होती? माणूस मिळत नव्हता?" "नाही साहेब. माणूस कोपऱ्यावरच राहतो." "मग?" शिंपी गप्प. गप्प राहणं टिपता येत नाही. कागद तिथे नुसता कोरा सरकतो. त्या कोऱ्या जागेत तिला थंडी वाजायला लागली. शाल होती तरी आतून, हाडांतून, दात एकमेकांवर आपटायला लागले आणि त्याच वेळी कपाळ तापलेल्या तव्यासारखं. शिंपी शेवटी म्हणाला, "वाटलं, आपसूक सुकेल. आणि भिंतीचं असलं काय सांगायचं कुणाला. लोक म्हणणार, याला घर ठेवता येत नाही. लाज वाटते साहेब." हे तिनं टिपलं. निदान टिपलंय असं तिला वाटलं. कागदावर पाहिलं तर अक्षरांचा नुसता चिवडा होता. सव्वीस वर्षांत तिच्या यंत्रातून असा कागद आला नव्हता. पोटापेक्षा, पाठीपेक्षा, त्या कागदाची तिला भीती वाटली.

"साहेब," ती म्हणाली.

पट्टेवाल्यानं दाराकडे पाहिलं, कुणी आत आलं का ते. साहेब खुर्चीतून पुढे वाकले. "काय बाई? पुन्हा सांगायला हवंय का त्यांना?"

तिनं मान हलवली. आणि ती हलवता हलवता तिला ऐकू आलं की हे टिपता येत नाही.

"नाही," ती म्हणाली. "मला ताप आहे. आठवडा झाला, लघवीला आग होते. काल रक्त दिसलं. आज पाठ दुखतेय. मला डॉक्टरकडे जायचंय, आत्ता." आणि खोलीत बोललेलं सगळं टिपायचं, हा नियम, तेव्हा तिनं तेही टिपलं, आधी बोलणाराचं पद, मग विधान. शब्द नेहमीचेच निघाले, ठोके मोजके. मग वरच्या मजल्याचे वकील म्हणाले, "आमची हरकत नाही," आणि खालच्या मजल्याचे वकील म्हणाले, "आमचीही नाही." एकोणीस महिन्यांत त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. साहेब उठले. त्यांच्या मागून, पहिल्यांदाच, लगेच ती उठली. जिन्यापर्यंत शिंपी तिची पिशवी घेऊन आला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सर्दीनं नाक लाल, आणि फार दमलेल्या. त्यांनी पाठीवर उजवीकडे हलकेच बुक्की मारली, तेव्हा ती टेबलावरून अर्धी उठली. "हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नुसतं खालचं राहिलं नाहीये, वर मूत्रपिंडापर्यंत गेलेलं दिसतंय. आधी काही गोळ्या घेतल्यात?" तिनं डब्यातल्या तीन गोळ्यांचं सांगितलं, तुटक्या दातासकट. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. अर्धवट गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, दबून बसतात, आणि कोडगे होतात, त्या म्हणाल्या. मग बाटली देऊन तिला आत पाठवलं. ही तपासणीला जाईल, कुठला जंतू आणि तो कशानं मरतो ते दोन-तीन दिवसांत कळेल, तोवर इंजेक्शन आत्ता, आणि गोळ्या बरं वाटलं तरी शेवटच्या गोळीपर्यंत. उलटी व्हायला लागली किंवा ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर सरळ इस्पितळ.

"पाणी किती पिता?"

"कामावर पीत नाही."

"आणि दिवसातून किती वेळा जाता?"

"साहेब उठतील तेव्हा," ती म्हणाली, आणि तिला स्वतःलाच ते वाक्य विचित्र वाटलं, पहिल्यांदा.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "पन्नाशीनंतर तिथली त्वचा नाजूक होते, त्यात कोरडं राहून तासन्‌तास दाबून धरायचं, म्हणजे जंतूंना जेवण वाढून वर पंखा लावल्यासारखं आहे. नुसती आग असेल तर एखादा दिवस भरपूर पाणी पिऊन पाहा, नाही थांबली तर या. पण ताप, थंडी, पाठदुखी, रक्त, उलटी, यातलं एक जरी आलं तर त्याच दिवशी यायचं. दिवस गेलेली बाई असेल, लहान मूल असेल, तर आगीलाच यायचं. आणि पुरुष असेल तर कुठल्याही वयात यायचं, त्यांच्यात ते साधं सहसा नसतंच. आग असो, नाहीतर सारखं सारखं जावं लागणं असो. पण पुरुष येतच नाहीत. त्यांना वाटतं, वय झालं." त्या नाक पुसत उठल्या. "थांबा हं जरा. मी स्वतः सकाळपासून गेले नाहीये."

आठ दिवस ती घरी होती. पहिले दोन दिवस ताप येत-जात राहिला, भिंती जवळ येत, लांब जात. नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं, नावं घालून. तो म्हणाला, "मी तुला पित्ताची गोळी दिली," आणि त्या दिवसापासून दर तासाला पेला घेऊन उभा राहायला लागला, हजेरी घेतल्यासारखा. सासूबाईंचा डबा तिनं रिकामा केला. बटणं आणि दात परत दिले. "आता मला झालं तर?" त्यांनी विचारलं. "तर कोपऱ्यावर जायचं, माझ्याबरोबर." "ती पोरगी तर शिंकत असते," सासूबाई म्हणाल्या. थकवा जाता जात नव्हता. तो आठ दिवसांचा नव्हताच बहुधा. दुपारी पडल्या पडल्या तिला मावशी आठवत, खिडकीत ठेवलेला पेला आठवे, आणि त्यावर पडलेलं अडतीस वर्षांचं ऊन.

परत गेली तेव्हा यंत्राशेजारी तिनं पाण्याची बाटली ठेवली. खिडकीत नाही, टेबलावर. पट्टेवाल्यानं बाटलीकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि मग छताकडे पाहिलं. अकराला ती म्हणाली, "साहेब, पाच मिनिटं," आणि साहेबांनी मान हलवली, आणि ती गेली. दप्तरखान्यातली किल्ली आता तिच्याच पिशवीत होती. बाकी सगळं तसंच होतं. शिंप्याची साक्ष पुढे सरकत होती, वकील पुन्हा एकमेकांच्या हरकती घेत होते, आणि साहेब उठत होते. संध्याकाळपर्यंत तिनं ते वाक्य अकरा वेळा टिपलं. शेवटी शेवटी साहेबांना पडद्याआडून यायला इतका वेळ लागे की वकील घड्याळ पाहत. बाहेर आले की चेहरा तोच, दगडी. फक्त बसताना एक हात खुर्चीच्या हातावर क्षणभर जास्त दाबला जाई. गेली दोन वर्षं ते तिच्यापासून दोन हातांवर घडत होतं. कागदावर फक्त दहा मिनिटं होती.

कामकाज संपलं, खोली रिकामी झाली, पट्टेवाला खिडक्या लावायला लागला तरी साहेब खुर्चीतच होते. ती यंत्रावर झाकण घालत होती. त्यांनी पट्टेवाल्याला कसलीशी फाइल आणायला दप्तरखान्यात पाठवलं, ज्या फाइलीची उद्याही गरज नव्हती.

"बरं आहे का आता?" त्यांनी विचारलं.

"हो, साहेब."

"कुणाकडे गेला होता तुम्ही?"

"आमच्या कोपऱ्यावर एक डॉक्टरीणबाई आहेत."

"हं." त्यांनी समोरचे कागद सारखे केले. कागद सारखेच होते. "बायकांच्याच असतील."

"नाही. सगळ्यांना बघतात. त्या म्हणत होत्या, पुरुषांनी तर थांबूच नये, पण ते येतच नाहीत."

साहेब खिडकीकडे पाहत राहिले. बाहेर कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं आणि ते लागत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी लोकांना विचारलं होतं, आणि उत्तर आलं नाही तर वाट पाहिली होती. ती वाट कशी पाहतात ते इतकी वर्षं खाली बसून तिनं पाहिलं होतं. ती तशीच थांबली.

"अकरा वेळा, साहेब," मग ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी तीन होत्या. आग होते का?"

त्यांनी मान हलवली, अगदी थोडी.

तिनं यंत्राचं झाकण बंद केलं, बाटली उघडून त्यांच्यापुढे सरकवली, आणि समोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या बाकावर, जिथे ती सव्वीस वर्षांत कधी बसली नव्हती, तिथे बसली.

"मान हलवलेली नाही चालत," ती म्हणाली. "तोंडानं सांगा."